द्वारकाअक्काचा डबा

द्वारकाअक्का गेली त्याला येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ष होईल. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणायचो, पाठीमागे आम्ही सगळे ‘म्हातारी’ म्हणायचो. आता लिहिताना ‘ती’च म्हणतो. गेलेल्या माणसाला उगीच मान देत बसलं की ते माणूस लांब जातं, आणि मला ते नको आहे.

मी काही लेखक नव्हे. पोलीस खात्यात मला ‘रायटर’ म्हणायचे, म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार. कोण आला, कोण गेला, कुणाला कधी धरलं, कधी सोडलं, सगळं माझ्या हातचं. अक्षर बरं होतं म्हणून त्या टेबलाला जो चिकटलो तो रिटायर होईपर्यंत. साक्रीच्या पलीकडे डोंगर सुरू होतात, तिकडचं ठाणं. नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

त्या ठाण्याच्या दप्तरात अक्काचं नाव मीच कितीदा तरी लिहिलंय. सरकारी कामात अडथळा. बेकायदा जमाव. सरकारी नोकरास धमकी. दर वेळी ‘आरोपी’ याच रकान्यात. ती खरी कोण होती हे लिहायला त्या छापील कागदात जागाच नव्हती, म्हणून आज कोरा कागद घेऊन बसलोय.

दिसायला म्हणाल तर काहीच नाही. बुटकी, काळीसावळी, पायात टायरच्या चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सुती पातळ, त्याला इस्त्री कधी ठाऊक नाही. पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होती, वेळेआधीच नोकरी सोडली. माहेर पांझरेच्या काठचं, खातंपितं शेतकऱ्याचं घर, पण तिकडचं कुणी कधी आलेलं मी पाहिलं नाही. लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि हातात डबा. मोठा, कडीचा, पितळी, आतून कल्हई केलेला. रोज सकाळी दहाच्या सुमाराला फाटकाशी येऊन उभी राहायची आणि एकच विचारायची, “आज मजार कितला शेतस, भाऊ?”

मी जामनेरकडचा. आमच्या तोंडात हे अहिराणी ‘शे’ नि ‘शेतस’ नाही. पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही उत्तर देईन. आत किती जण आहेत?

आता ही भानगड काय ते सांगतो. कोठडीत ज्याची रीतसर नोंद झाली त्याला सरकारी जेवण मिळतं. हॉटेलवाला आणून देतो. पण ज्याला नुसतं ‘विचारपूस करायला’ म्हणून आणून बसवलंय, ज्याचं नाव कुठे लिहिलेलंच नाही, त्याला कुठलं जेवण? तो कागदावर नाहीच. आणि जो कागदावर नाही त्याचं काहीही करता येतं. पाड्यावरची पोरं अशीच उचलून आणायची पद्धत होती. कुणाची मोटर गेली, कुणाची शेळी गेली, आणा चार पोरं. अक्का त्यांच्यासाठी डबा आणायची. माणशी दोन भाकरी, वर ठेचा, कधी डाळ. त्या डाळीला आमच्याकडे फौजदारी डाळ म्हणतात, आणि ती फाटकावर डबा देताना साहेबांकडे बघून मुद्दाम मोठ्याने सांगायची, “फौजदारी शे बरं का!” आम्ही मिशीत हसायचो.

पहिल्या दिवशी तिला कुणी आत घेतलं नव्हतं. तेव्हाचे आमचे फौजदार तापट. बाहेर येऊन म्हणाले, “बाई, हे काय अन्नछत्र वाटलं का तुला?”

“मजार माणसं शेतस का नहीत, एवढंच सांग साहेब. शेतस तर भाकर दे. नहीत तर मी जास घर.”

“कुणी नाही. जा.”

तो मंगळवार, बाजाराचा दिवस. कोठडीची एक झरोक्यासारखी खिडकी रस्त्याकडे होती. अक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, डबा पायाशी ठेवला, आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “कोन शे रे मजार? नाव सांगा!”

बाजार थबकला. आतून चिडीचूप. तिने परत हाक घातली. मग आतून एक चिरका आवाज आला, नाव आणि पाड्याचं नाव. मग दुसरा. मग तिसरा. तिकडे मिरच्या विकणारी एक बाई टोपली टाकून “मना पोऱ्या शे वं!” म्हणत धावत सुटली. मिरच्या रस्ताभर. लोक जमले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दात खाऊन म्हणाले, “घे तो डबा.”

मी डबा घेतला. त्या दिवसापासून तो घ्यायचं काम माझंच.

पुढे कधीतरी मी तिला म्हटलं, अक्का, एवढं ओरडायचं काय अडलं होतं, अर्ज द्यायचा. ती म्हणाली, “ज्यानं नाव बठ्ठासनी ऐकं, त्याले कोनी गुपचूप मारू शकत नही.” बठ्ठासनी म्हणजे सगळ्यांनी. किती आहेत याचं उत्तर मी दिलं की ती लगेच नावं विचारायची. नुसता आकडा तिला चालायचा नाही. आकडा शेळ्यांना, म्हणायची.

बाई भयंकर होती, हे कबूल करायला हवं. लोक आता तिच्याविषयी बोलताना गरीब गाय करून टाकतात. कसली गाय! एकदा एका पोराला तीन दिवस बसवून ठेवलं होतं, नोंद नाही, काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी अक्का आली, डबा नेहमीपेक्षा जड. मला वाटलं आज भाकरी जास्त. तिने फाटक ओढून घेतलं आणि कडीला बाहेरून हे एवढं मोठं कुलूप ठोकलं. किल्ली पोलक्यात टाकली. पिशवीतून वही काढली आणि गजांतून आमच्याकडे बघत म्हणाली, “आते तुम्ही मजार, मी बाहेर. तुमनी नोंद कोठे शे? चला, नाव सांगा.”

आणि मी सांगितलं! काय सांगू तुम्हाला, पूर्ण नाव, बापाचं नाव, मूळ गाव, सगळं. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. साहेबांनी मला त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. ते स्वतः मागच्या भिंतीवरून उडी मारायला गेले, तर वरच्या तारेत पँट अडकून मांडीपासून खाली उसवली. बाजार बघतोय. आम्ही आत अकरा जण होतो, आणि अक्काच्या डब्यात बावीस भाकरी. गजांतून एकेकाला देत होती, “खाई ल्या, घाबरू नका, तुमले कोनी मारत नही.”

महिनाभर धुळ्याच्या जेलमध्ये होती त्यापायी. पोराला मात्र त्याच संध्याकाळी सोडावं लागलं. सुटून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता फाटकाशी हजर, “आज मजार कितला शेतस, भाऊ?” कुलूप मुद्देमालात जमा, माझ्या ताब्यात. त्यासाठी पुढे तिने किती अर्ज केले! ‘माझ्या मालकीचे कुलूप, चालू स्थितीत, परत मिळणेबाबत.’ घराला कुलूप लावायची तिला सवय नव्हती. उगीच आपला जीव खायची, दुसरं काय.

आणि तोच फौजदार, पँटवाला. चार वर्षांनी दुसरीकडे बदली झालेली, तिथे लाच घेताना सापडला. काय कारणाने कोण जाणे, एक दिवस त्याला आमच्याच कोठडीत आणून ठेवलं. सकाळी अक्का आली. मी म्हटलं, “तीन.” नावं विचारली. दोन सांगितली आणि तिसरं पुटपुटलो. माझ्या मनात, आता ही नाचेल. तिने डब्याचं झाकण काढलं, ठेचा वेगळा बांधलेला होता तो काढून माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, “साहेबले बीपी शे. तिखट देऊ नको.” बस्स, एवढंच. सहा भाकरी आत गेल्या. वर माझ्यावरच खेकसली, “मजार गया तो मना. मंग कोनी का असेना.”

हे सगळं सांगतोय ते हसत हसत, कारण पुढचं सांगायचं लांबवतोय.

डोंगरावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्यातली तांब्याची केबल चोरीला गेली. कंपनीवाल्यांचा वर फोन, वरून आमच्या साहेबांना फोन. हे साहेब नवे, आधीच्यासारखे तापट नाहीत, गोड बोलणारे. एका पाड्यावरून तीन जणांना आणलं. दोघांची नोंद करायला सांगितली, तिसऱ्याची नाही. तो तिसरा सुकलाल. बांधावरच त्याला मारलं होतं, आणि मार लागलेल्या माणसाची नोंद केली की डॉक्टरकडे न्यावं लागतं. साहेब मला म्हणाले, “म्हातारी विचारेल. दोन सांगा. आजचा दिवस. उद्या सोडूनच देतोय.”

सुकलाल पंचविशीचा असेल. कुशीवर वळून भिंतीला टेकून बसला होता, पाठ टेकवत नव्हता. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने मला विचारलं, “मनं नाव लिखं का, भाऊ?”

हे त्याला अक्कानेच शिकवलं असणार. पाड्यापाड्यावर ती हेच सांगत फिरायची, आत गेलात तर पहिलं नाव लिहायला लावा.

मी म्हटलं, “लिहिलं.”

दहा वाजता अक्का आली. अंगात ताप, डोळे लाल, फाटकाच्या खांबाला धरून उभी. तरी आली होती. “आज मजार कितला शेतस, भाऊ?”

“दोन,” मी म्हटलं. आणि दोघांची नावं सांगितली.

इतक्या वर्षांत मी तिला आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. साहेब लोक सांगायचे, मी नाही. ते तिला माहीत होतं. तिने चार भाकरी ठेवलेला डबा माझ्या हातात दिला आणि फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. तिचं घर लांब नव्हतं, पण चालवत नसावं.

आत तिघांनी चार भाकरी वाटून खाल्ल्या. डबा बाहेर आला. रोज मी तो तसाच झाकण लावून अक्काला द्यायचो. त्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे. खोटं बोललो होतो, ते आत टोचत होतं. म्हातारी तापाने फणफणलेली, घरी जाऊन भांडं घासणार. म्हटलं एवढं तरी करावं. नळावर गेलो, झाकण काढलं. तळाशी भाकरीचे तुकडे होते, अंगठ्याएवढे. उष्टंखरकटं म्हणून ते कोंबड्यांना टाकले, साबण लावून डबा लख्ख घासला, माझ्या रुमालाने पुसला आणि नेऊन तिला दिला.

तिने झाकण उघडून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “धुई टाका?”

“हो अक्का. म्हटलं तुम्हाला बरं नाही.”

तिने परत एकदा डब्यात पाहिलं. तापात होती. माझ्यावर विश्वास होता. “बरं करं भाऊ,” म्हणाली आणि काठी टेकत गेली.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आलो तेव्हा कोठडीत दोघंच होते. सुकलाल पवनचक्कीच्या रस्त्यावर नाल्यात सापडला. पळताना पडला असावा, असं ठरलं. तो कागद माझ्याच अक्षरात आहे. ‘अनोळखी इसम.’ ज्याला मी स्वतःच्या हाताने पाणी पाजलं, त्याच्यापुढे मी ‘अनोळखी’ लिहिलं.

अक्का दवाखान्यात पोचली तेव्हा मी तिथेच होतो. नर्स बाई ती. तिने चादर बाजूला करून त्याची पाठ पाहिली, हात नाही लावला, नुसती पाहिली. मग बाहेर आवारात आली आणि त्या दिवशी बाजारात ओरडली होती तशीच ओरडली. “सुकलाल! सुकलाल! सुकलाल शे याचं नाव!” लोक गोळा झाले. पण आता ऐकून काय उपयोग होता. तिचा आवाज फाटला तरी ती थांबेना. शेवटी सुकलालच्या बायकोने, लीलाने, तिला धरून खाली बसवलं. लीला तेव्हा पोटुशी होती.

दोन-तीन महिने गेले असतील. अक्का रोज येतच होती, डबा देतच होती. एक दिवस निंबाखाली मला जवळ बोलावलं. “बस भाऊ.” मी बसलो.

“आपलाकडे शेजारीणनी वाटी उनी तर रिकामी परत देतस का?”

म्हटलं, नाही. चिमूटभर साखर, दोन मिरच्या, काहीतरी घालूनच देतात.

“मंग मना डबा रिकामा कसा ई?”

तेव्हा तिने मला सांगितलं. इतकी वर्षं. पाड्यापाड्यावर तिने सांगून ठेवलं होतं, आत असलात आणि माझा डबा आला, तर माणशी एक तुकडा मागे ठेवा. पोलीस काही सांगोत, तुकडे मोजले की तिला खरा आकडा कळायचा. आम्ही दोन म्हणावं, डब्यात चार तुकडे असावेत, की ती फाटकात ठाण मांडून नावं विचारायला मोकळी. आम्हाला वाटायचं म्हातारीला कुणी चहाडी करतं. आपसात एकमेकांवर संशय घ्यायचो. एवढे तरबेज पोलीस आम्ही, पण उष्टं कोण बघतं! त्या लाचखाऊ फौजदारानेही तुकडा ठेवला होता म्हणे. शेजारच्या पोराने शिकवलं असेल.

मग तिने शांतपणे विचारलं, “त्या दिनले तुकडा कितला व्हतात, भाऊ?”

तीन होते. मी मुद्दाम मोजले नव्हते, पण कोंबड्यांना टाकताना एक, दोन, तीन असे हातातून गेले होते. ते हाताला आजही आठवतं.

“ध्यान नाही, अक्का,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. परत कधीही विचारलं नाही. शिवी दिली नाही, शाप दिला नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फाटकावर तेच, “आज मजार कितला शेतस, भाऊ?” त्यापेक्षा ती माझ्या तोंडावर थुंकली असती तर बरं झालं असतं.

चौकशी लागली. अक्काने लावायला लावली. कागदावर दोनच माणसं. ते दोघे बिचारे घाबरून गुजरातेत ऊसतोडीला गेले ते आलेच नाहीत. राहिलो मी. मी जबाब दिला, दोन. का दिला? मुलीचं लग्न ठरलेलं, पेन्शन तोंडावर, साहेबांचा हात वरपर्यंत पोचलेला. हे सगळं खरं आहे आणि तरी ही कारणं नव्हेत. घाबरलो. एवढंच.

बारा वर्षं अक्काने ते प्रकरण मरू दिलं नाही. धुळ्याला तारखेला जायची, एस.टी.ने, लीलाला घेऊन. लीलाचा पोरगा शाळेत जायला लागला तरी तारखा चालूच. मध्येच कोठड्यांत कॅमेरे बसले. मी तिला म्हटलं, अक्का, आता कशाला डबा, कॅमेऱ्यात सगळं दिसतं. म्हणाली, “कॅमेरा बंद पडस. भूक बंद पडत नही.” मी रिटायर झालो, धुळ्यात छोटं घर घेतलं, आणि वाटलं सुटलो.

सुटतोय कुठला. गेल्या वर्षी, आखाजीच्या तोंडावर, समन्स आलं. सोमवारी साक्ष. आणि त्याच आठवड्यात ठाण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, म्हातारीला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलंय, काही खरं नाही.

मी गेलो. कॉटवर उशीला टेकून बसलेली, उरली होती फक्त चष्म्याएवढी. पायाशी लीला. लीलाने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. अक्का मात्र हसली. “उना का भाऊ? देख ना, आते मी मजार नि तू बाहेर.” मग लीलाला म्हणाली, “याले डबा दे. उद्या भरी आनी.”

तोच पितळी डबा. मी घरी आणला. आमच्या घरी बायकोने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली, मऊ, दुधात कुस्करता येईल अशी. रोज सकाळी दहाला मी वॉर्डच्या दाराशी. अक्का एखादा घास खायची, नाही तर तेवढाही नाही. डबा परत द्यायच्या आधी भाकरीचा एक तुकडा तोडून तळाशी ठेवायची आणि झाकण लावायची. मी घरी येऊन उघडायचो. एक. म्हणजे म्हातारी आहे अजून.

बायको एक दिवस बघत होती. म्हणाली, “बारा वर्षं घरात कुणी भाकरी मोजली की तुम्ही ताटावरून उठता. मला कळत नाही असं वाटतं का? सांगून टाका एकदाचं.”

“पेन्शन अडकवतील.”

“अडकवू देत. भाकरी मला येते ना करता.”

रविवारी गेलो तेव्हा अक्काच्या नाकाला नळी होती. बोलताना दम लागत होता. मला वाटलं आज ती विचारणार. उद्या तारीख, तिला माहीत होतं. तिने विचारलं नाही. भलतंच बोलायला लागली. तिच्या बापाचा एक सालदार होता, सालाने ठेवलेला गडी, गोमा म्हणून. लहानपणी तिला खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचा. विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पोलीस आले. बापाने गोमाचं नाव सांगितलं. पोलिसांनी हिला विचारलं, पोरी, तू पाहिलंस ना याला विहिरीपाशी?

“बाप देखी ऱ्हायनता मनाकडे,” ती म्हणाली. “मी घाबरनू. मी मान हालाई.”

गोमा ठाण्यातून परत आला तो उठून कामाला लागलाच नाही. पावसाळ्याआधी गेला. मोटर विहिरीच्या मागेच कडब्यात सापडली.

“कोनले बी सांगं नही मी. कधीच नही. मंग सांगाले गोमाच ऱ्हायना नही, बाप बी ऱ्हायना नही.” तिने दम घेतला. माझा हात धरला. तिचा हात कोरडा आणि गरम होता, त्या तापाच्या दिवशी असेल तसा. “भाऊ, तुले अजून सांगाले जागा शे.”

मला रडू आवरेना. भर वॉर्डात, रिटायर हवालदार. लीला बघत होती. अक्काने भाकरी तोडली, तुकडा ठेवला, झाकण लावायला तिला जमेना म्हणून लीलाने लावलं. मी डोळे पुसत निघालो तो डबा तिथेच विसरलो.

सोमवारी कोर्टात साहेब समोरच्या बाकावर होते. केस पिकलेले, तसेच गोड हसले. वकिलांनी विचारलं, “त्या दिवशी कोठडीत किती इसम होते?”

“तीन,” मी म्हटलं.

कोर्टात हालचाल झाली. मला पुढचं कुणी विचारलं नव्हतं, पण अक्काचं वळण अंगात उतरलेलं. म्हटलं, तिसऱ्याचं नाव सुकलाल. त्याने मला विचारलं होतं, नाव लिहिलं का. मी लिहिलं म्हणालो आणि लिहिलं नव्हतं. त्यांचा वकील उठला. “म्हणजे बारा वर्षं तुम्ही खोटं बोलत होता?” मी म्हटलं, हो. साहेबांचं हसू गेलं. पुढे त्या केसचं काय व्हायचं ते होईल, अजून चाललीय. माझीही चौकशी लागलीय. लागू दे.

कोर्टातून रिक्षा केली आणि तडक दवाखान्यात. जिना चढताना मनात एकच, म्हातारीला सांगायचं, तीन सांगितलं, नाव पण सांगितलं.

कॉट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. एक बाई फरशी पुसत होती. लीला बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर डबा. “सकाळीच,” म्हणाली. “तुम्ही कोर्टात गया व्हतात तव्हय.”

मी तिच्यासमोर खाली बसलो. “तीन सांगितलं,” मी म्हटलं.

“नाव सांगं?”

“सांगितलं. सुकलाल.”

लीला पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. रडली नाही. आज तोच डबा घेऊन ती ठाण्याच्या फाटकावर उभी राहते आणि तिथल्या नव्या पोरांना तेच विचारते. पण त्या दिवशी तिने तो उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, “कालना शे. धुयेल नही शे.”

मी झाकण काढलं. तळाशी भाकरीचा तुकडा होता, वाळून कडक झालेला, अंगठ्याएवढा. एकच होता. तरी मी दोनदा मोजला.